पाहुण्याचा शब्द

त्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे मामांना कपाट रिकामं करताना आठवलं. पत्र एका जाड कोशाच्या पानांत होतं. पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"कुणाचं हो?" भाचीने विचारलं. ती पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. कपाटाला कधी हात लावू न देणाऱ्या मामांनी आपणहून पुस्तकं वाटायला काढली, म्हणून ती खुशीत होती.

"पाहुण्याचं."

ग्रंथालयाच्या तळघरात मामा जुन्या पुस्तकांची बांधणी करायचे. तिथे परदेशातून एक जण काम शिकायला आला. पुढे कित्येक वर्षं राहिला, तरी त्याचं नाव पाहुणा ते पाहुणाच. दोघांचं टेबल एक, भाड्याची खोलीही एक.

"तोच ना, तुम्ही कृतघ्न म्हणायचात तो?"

"म्हणायचो खरा."

पाहुणा कधी आभारच मानत नसे. एकदा तो तापाने फणफणला. मामा आठवडाभर त्याच्या उशाशी बसून होते. बरा झाल्यावर पठ्ठ्या उठला आणि म्हणाला, "आज कुठलं पुस्तक घ्यायचं?" मामांना ते लागलं. पण स्वभाव भिडस्त. बोलले काही नाहीत, नुसते घुम्यासारखे वागले.

त्यानंतर रोज सकाळी मामांच्या सुरीला धार लावलेली असे, खळ गरम असे, दाभणात दोरा ओवलेला असे. मामांना वाटे, शिपाई करतो.

पाहुणा मायदेशी निघाला, तेव्हा फलाटावर मात्र त्यांना राहवलं नाही. "अरे, आता तरी एकदा धन्यवाद म्हण!"

पाहुणा दचकलाच. "भलतंच काय! आमच्यात तो शब्द शेवटच्या निरोपाचा. पुन्हा भेट नाही हे नक्की झालं, की मग म्हणतात. तोवर उपकार जवळ बाळगायचा. बोलून मोकळं व्हायचं नाही."

"सोयीचा आहे बाबा तुमचा रिवाज," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले, तर सुरी बोथट, खळ थंडगार. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "मी कशाला हात लावू तुमच्या सामानाला?"

मग मामांनी स्वतःच सुरी दगडावर घासायला घेतली.

काही महिन्यांनी पाहुण्याचं पत्र आलं. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी, आणि शेवटी, 'तुझ्या सुरीला आता धार कोण लावतं?' मामा उत्तराला बसले, की पहिल्याच ओळीत आभार येत. मग कागद फाटे. तो शब्द टाळून मनातलं कसं लिहावं, हे इतकी पुस्तकं हाताखालून गेलेल्या माणसाला साधेना. उत्तर राहिलं ते राहिलंच. मात्र तेव्हापासून तळघरातल्या सगळ्यांच्याच सुऱ्या सकाळी धारदार असत. नाव शिपायाचं होई.

"मग आता तरी पाठवा," भाची म्हणाली. "काय वाटलं असेल बिचाऱ्याला!"

"काय लिहायचं, तेच सुचत नव्हतं गं."

"तुमचं आपलं नेहमीचंच. चार ओळींसाठी तुम्हाला एक जन्म पुरायचा नाही." तिने गठ्ठ्याला गाठ मारली. "बरं, काल ते तपासणीचे कागद नेलेत ना? डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता हवं ते खा."

"अगं बाई! पथ्य सुटलं?"

"सुटलं."

"मग लगे हात चष्म्याचा नंबरही बदलून घेऊ."

"राहू दे. आहे त्यावर भागेल."

दुपारी मामांनी कार्ड लिहिलं. या वेळी एकही कागद फाटला नाही. भाची सोबत निघाली. पथ्य सुटल्याचं काहीतरी गोडधोड येताना घ्यायचंच, असं तिने वाटेतच ठरवून टाकलं.

पोस्टाच्या पेटीपाशी तिने कार्ड हातातून ओढून घेतलं. त्यावर अनोळखी अक्षरांत एकच शब्द होता.

"एवढंच? आणि हे काय लिहिलंय?"

"धन्यवाद," मामा म्हणाले आणि त्यांनी कार्ड तिच्याकडून परत घेऊन पेटीत टाकलं.