नांगर कुठे टाकायचा

"तुला काय वाटतं, नांगर कुठे टाकावा?" काशिनाथनं विचारलं आणि सिंधूच्या हातातली शिडाची दोरी सुटता सुटता राहिली.

चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. घरात काय वाटायचं ते त्यालाच वाटायचं.

भोपाळच्या मोठ्या तलावात त्यांची होडी तकिया टापू मागे टाकून पलीकडच्या छोट्या टापूकडे निघाली होती. मागून मोटारबोटीत परीक्षक उदयसिंह वही घेऊन येत होते. एका टापूवरून दुसऱ्यापर्यंत शिडावर जायचं, सुरक्षित जागा निवडून नांगर टाकायचा आणि अर्धा तास होडी जागची हलू द्यायची नाही, एवढीच परीक्षा. पास झालं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की डिसेंबरात अंदमान. बारा दिवस, दोघंच, होडीत. मुलगी केतकीनं पुण्यात बसून होडी ठरवूनही टाकली होती.

सिंधूला ते बारा दिवस नको होते. तिला पोहता येत नव्हतं. ओंकारेश्वरला नावेत पाय ठेवला तरी तिला मळमळायचं.

पण 'नको' म्हणायची सोय नव्हती. बरखेड्याच्या कारखान्यात साहेब म्हणून निवृत्त झालेला काशिनाथ एक वेळ जनाचं ऐकायचा, बायकोचं नाही. रुळांजवळ घर नको, असं ती म्हणाली होती, म्हणून त्यानं अशोका गार्डनमध्ये रुळांजवळच घेतलं. आजही गाडी गेली की मांडणीतली भांडी वाजतात. तेव्हापासून सिंधू शहाणी झाली. हिरवा सोफा हवा असला की ती तपकिरीचा हट्ट धरायची. हिरवा निमूट घरी यायचा.

म्हणूनच निरोपसमारंभात त्यानं माइकवरून अंदमानची घोषणा केली, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या सिंधूनं वाजवल्या. तिला वाटलं, आपला उत्साह बघून तरी बेत बदलेल. पण दोनशे माणसांपुढे बोललेला शब्द गिळायचा कसा? बेत तसाच राहिला.

आता एकच वाट उरली होती. काशिनाथ नापास व्हायला हवा होता. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अभ्यासाची सगळी पुस्तिका सिंधूनंच त्याला वाचून दाखवली होती. तो ऐकता ऐकता घोरायचा, पण तिला मात्र सगळं तोंडपाठ झालं होतं. आज आपण प्रत्येक गोष्ट अगदी बरोबर सुचवायची, असं तिनं ठरवलं होतं. उलटं करायला हे समर्थ आहेत.

"टापूच्या पूर्वेला टाका," ती म्हणाली. वारा पश्चिमेचा होता, त्यामुळे पूर्वेला टापूचा आडोसा मिळून पाणी शांत राहणार होतं. आता हे पश्चिमेला नेतील, वारा होडीला काठावर ढकलेल आणि उदयसिंह वहीत फुली मारतील.

"बरं," काशिनाथ म्हणाला आणि त्यानं होडी पूर्वेकडे वळवली.

सिंधूला घाम फुटला. पुढे पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या.

"इथे नको हो. वेलींत नांगर रुतत नाही. जरा पुढे घ्या, तिथे तळाला चिखल असेल."

"पुढे? नक्की?"

"नक्की."

होडी पुढे गेली. तिनं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजली. तीन मीटर भरली.

"नांगराची दोरी पंधरा मीटर सोडा, खोलीच्या पाचपट," ती म्हणाली आणि श्वास रोखून बसली.

"मला तर सहा पुरे वाटते," काशिनाथ म्हणाला. सिंधूच्या जिवात जीव आला. पण त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तू म्हणतेस तर पंधरा."

अर्धा तास होडी अंगणातल्या तुळशीवृंदावनासारखी उभी राहिली. काशिनाथ दोरीकडे बघत बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. बिचाऱ्याला परीक्षेचा ताण आला असेल, असं सिंधूला वाटलं.

उदयसिंह जवळ आले. "वाह सर. बोट टस से मस नहीं हुई. पंद्रह साल में ऐसी जगह किसी ने नहीं चुनी. आप पास."

"मैडम ने बताया," काशिनाथ हळूच म्हणाला.

सिंधूचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती या तलावात, भर उन्हात, परक्या माणसासमोर घडली होती. आपण मात्र यांना नापास करायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली. परतताना तिनं मनाशी पक्कं केलं. मळमळलं तर मळमळलं. आपलं ऐकणाऱ्या नवऱ्याबरोबर अंदमानच काय, पुढे कुठेही जायची तिची तयारी होती.

किनाऱ्यावर उतरल्यावर हे त्याला सांगायचं म्हणून ती टपरीवरून दोन चहा घेऊन आली. काशिनाथ पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"अगं केतकी, मी माझ्याकडून काही कसर ठेवली नाही," तो दबक्या आवाजात म्हणत होता. "सकाळपासून तुझ्या आईनं सांगितलेलं सगळं, शब्दन्‌शब्द, तसंच केलं. तरी त्या माणसानं मला पास केलं."