रिकाम्या गाडीचं वजन

बबडीला खांद्यावर टाकून ती गोण्यांच्या काट्यावर चढली, आणि काटा परवा होता तिथेच येऊन थांबला. ती उतरली, चपला काढल्या, पुन्हा चढली. कानातलं काढून टेबलावर ठेवलं, पुन्हा चढली. काटा मेला हट्टाला पेटलेला.

खाली ठेवली की बबडी भोकाड पसरायची, म्हणून वजन करायचं ते तिच्यासकटच. दवाखान्यातून निघताना नर्सने बबडीचं वजन सांगितलं होतं. ते वजा केलं की उरलं ते आपलं. बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतल्यापासून ती रोज दुपारी हा हिशेब करत होती. रोज दुपारी, डबा न उघडता.

बाहेर मोठ्या वजनकाट्यावर वाळूचा ट्रक चढला. केबिनची जमीन थरथरली, खिडकीची काच किणकिणली. एका हाताने बबडीला थोपटत दुसऱ्या हाताने तिने पावतीपुस्तक ओढलं. आज काटा खाली आला नाही तर संध्याकाळपासून बबडीला डब्याचं दूध, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. नणंदेने दिलेली बारीक होण्याची पावडर पिशवीत होती. "अंगावर पाजतेस तोवर ही घ्यायची नाही हं," नणंद म्हणाली होती. "आधी ते तोड. किती दिवस गाय होऊन बसणार?"

गाय. आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी कुणी ड्रायव्हर ओरडला होता, "ताई, स्वतःची पावती फाडा, ओव्हरलोड!" सगळी रांग हसली. तीही हसली. घरी जाऊन तिने आरशावर टॉवेल टाकला, तो अजून तसाच होता.

वाळूवाले मामा दार ढकलून आत आले.

"चला ताई, द्या पावती. तिकडे मुकादम माझ्या नावाने बोंबलतोय."

"रिकामी गाडी काट्यावर कधी लावलीत?"

"रांग होती हो सकाळी. थेट भरायलाच गेलो. मागच्या खेपेचं धरा की."

"तसं नाही चालत."

"का नाही चालत? गाडी तीच, मी तोच."

"मामा, किती वेळा सांगू? कधी टाकी भरलेली असते, कधी तळाला गेलेली. टायरला चिखल असतो. तुमचा क्लीनर कधी आत झोपलेला असतो, कधी नसतो. रिकाम्या गाडीचं वजन ज्या त्या दिवशीचंच लागतं. जुनं वजा करत बसलात तर सगळा हिशेब..."

ती बोलता बोलता थांबली.

बबडी खांद्यावरून घसरली होती. तिला वर ओढताना दंड भरून आला. अलीकडे रोजच यायचा. झोप नाही म्हणून, अंगात त्राण नाही म्हणून, असं म्हणून ती दुसऱ्या खांद्यावर घ्यायची नि विसरून जायची.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"मामा, हात धुऊन या."

"आँ?"

"धुऊन या म्हणते ना."

बाहेरच्या नळावर हात धुऊन ते आले, तोवर तिने काट्यावर दुपटं अंथरलं होतं. "हात जवळ असू द्या. पण काट्याला लावू नका," ती म्हणाली आणि श्वास रोखून तिने बबडीला खाली ठेवलं.

बबडी रडली नाही. पाठीखालचा नवा गारवा तिला आवडला असावा. छपराकडे बघत तिने दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे झाडायला सुरुवात केली. काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर. थांबेचना. पण नर्सने सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीखाली तो एकदाही उतरला नाही.

"चांगलं बाळसं धरलंय की पोरीने," मामा म्हणाले. "काय खाऊ घालता हो?"

तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. तिच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन तळहाताशी आलं होतं. कधीपासून, कोण जाणे. तिच्या अंगावरचं बबडीच्या अंगावर गेलं होतं, घोटाघोटाने, तिच्याच मांडीवर, तिच्याच डोळ्यांदेखत.

"आता तुम्ही चढा," मामांनी बबडीला उचललं. "मी धरतो हिला. रोज बघतो खिडकीतून. एकदाचं होऊन जाऊ दे तुमच्याही मनासारखं."

रिकामा काटा अजून डुलत होता. तिला हवा असलेला आकडा एका पावलावर होता. तिने पाऊल उचललं, आणि तिच्या पोटात एवढ्या मोठ्याने गुरगुरलं की मामांनी चमकून पाहिलं.

ती वळली. पिशवीतून डबा काढला आणि उभ्याउभ्याच उघडला.

"अहो ताई, माझी गाडी..."

"माल उतरवा नि रिकामी लावा." तोंडात घास होता. "पण आधी हिला धरा. नीट. मानेखाली हात घ्या, वाळूचं पोतं नाही ते."

बाहेर कुणीतरी हॉर्न दिला. मागच्याने दिला. मग सगळ्या रांगेनेच धरला. बबडी दचकली, तिने ओठ काढले. डबा धरलेला आईचा हात खाली आला, ती निम्मी पुढेही सरकली. पण मामा तिच्याआधी खिडकीशी पोचले होते. बबडीला छातीशी घट्ट धरून त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असे ओरडले,

"हॉर्न बंद करा रे! ताई जेवतायत!"