शंकेचा पॉइंट

कॉलेजच्या टेनिस मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्याचं त्यानंच सांगायचं. सरांनी आजवर प्रत्येक बॅचला पहिला धडा एकच दिला: "शंका आली, तर पॉइंट समोरच्याचा."

परवा फायनलच्या शेवटच्या बॉलला त्यांच्या कॅप्टननं 'बाहेर' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ती हात मिळवायला मुकाट्यानं नेटकडे गेली. कप गेला. "यंदा कप नाही, तर तुम्हीही नाही," असं आधीच बजावून ठेवलेल्या प्राचार्यांनी सरांना नारळ दिला.

आज सर आपल्या रॅकेट्स पिशवीत भरत होते. ती दारातच घुटमळली.

"सर, मला खरंच नीट दिसला नव्हता. तुम्ही तर रेषेच्या टोकाशीच उभे होतात. कुठे पडला होता?"

सरांनी पिशवीची चेन ओढली.

"आत होता गं. रेषेला चाटून गेला."

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून ती प्रॅक्टिसला पळाली.

रेषेच्या बाबतीत सर उभ्या जन्मात एवढं एकदाच खोटं बोलले.