शामलाबाईंची डबी

लहानूने डबीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली होती : शामला गजभिये, स्टाफ नर्स. डबी रिकामी होती.

"पाहून काय राहिला गा? घे," शामलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "उद्या सकाळची पहिली थुंकी पाहिजे. तुझी."

एवढे बोलताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी रुमालात दाबली.

एकाहत्तर सालची गोष्ट. नागपुरातल्या त्या इस्पितळात क्षय झालेल्या कैद्यांसाठी वेगळा वॉर्ड होता. अठरा खाटा, दाराला कुलूप आणि बाहेर बंदूकवाला शिपाई. इथे रोज दूध आणि अंडे मिळे, दळण-खोदकाम नसे. त्यामुळे बरा झालेला कैदी तुरुंगात परत जायला राजी नसायचा. तपासणीच्या दिवशी शेजारच्या आजाऱ्याचा बेडका बिडीचे बंडल देऊन मिळवायचा आणि आपला म्हणून डबीत घालायचा, असा इथला धंदा. शामलाबाईंनी वॉर्ड हाती घेतला आणि तो धंदा पार मोडून काढला. प्रत्येकाने त्यांच्या डोळ्यांदेखत खोकायचे आणि त्यांच्याच हाती डबी द्यायची. गजभियेबाईंच्या डबीत लबाडी सापडायची नाही, असे डॉक्टर चारचौघांत म्हणत, आणि बाईंना त्याचा भारी तोरा होता.

आज त्याच बाई एका कैद्यापुढे डबी धरून उभ्या होत्या. सात वर्षे टेंपररी काढल्यावर आता कुठे पक्क्या नोकरीची ऑर्डर निघायची होती. आधी प्रकृतीचा दाखला हवा होता, आणि त्यात थुंकीची तपासणी होती. तीन आठवडे खोकला हटत नव्हता, संध्याकाळी अंग कोमट व्हायचे. जंतू निघाले तर पक्की राहिली बाजूला, आहे ती कच्चीही जाणार, या धास्तीने बाईंची झोप उडाली होती. घरी दोन मुली, म्हातारी सासू, आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. लहानूचे शेवटचे तिन्ही रिपोर्ट साफ होते. शनिवारी तो परत बराकीत जायचा होता.

"हा खोकला साधा नाही, बाई," लहानू म्हणाला.

"धुळीचा आहे. देतो का नाही, ते सांग."

लहानू हिंगण्याकडचा शेतकरी. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात हातून माणूस गेला आणि जन्मठेप लागली. वर्षापूर्वी तो रक्त ओकत या वॉर्डात आला, तेव्हा शिपाईसुद्धा त्याला हात लावायला धजला नव्हता. बाईंनी लावला होता. पहिले नव्वद दिवस रोजचे इंजेक्शन त्यांच्याच हातचे. लहानूने एकवार बाईंच्या रुमालाकडे पाहिले आणि डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली डबी बाईंनी न उघडताच तपासणीला पाठवली. आपल्या नजरेआड भरलेली डबी त्यांनी आजवर कधी पुढे पाठवली नव्हती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावले. रिपोर्टात जंतूच जंतू होते. डॉक्टरांनी लगेच छातीचा फोटो काढायला लावला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला चार आण्याएवढा डाग निघाला.

"वेळेवर सापडलं, सिस्टर. अजून दोन महिने गेले असते तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. "नवल एवढंच, की एवढ्याशा डागाला इतके जंतू कसे! असो. आजार ड्युटीवर लागला, असं मी लिहून देतो. नोकरीला धक्का लागणार नाही. ऑर्डर वर्षभर उशिरा निघेल, पण निघेल."

बाईंना धड हायसेही वाटेना. नवल त्यांना वाटत नव्हते, कारण डबी कोणाची ते त्यांना ठाऊक होते. म्हणजे लहानूचा आजार उलटला होता. आणि उद्या तो साठ माणसांच्या बराकीत जाऊन झोपणार होता. त्याला थांबवायचे तर एकच मार्ग होता, डॉक्टरांना खरे सांगणे. मग कसली ऑर्डर आणि कसला दाखला! बाई व्हरांड्यात क्षणभर थांबल्या, मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे आले. तरी त्या तशाच वॉर्डात शिरल्या.

"लहानू, तू उद्या जात नाही. तुझा आजार उलटला गा. डबीत थुंकी तुझी होती, हे मी आत्ताच जाऊन डॉक्टरांले सांगते."

"तुमची नोकरी जाईन ना, बाई!"

"गेली तर गेली. माझ्या वॉर्डातून आजारी माणूस बराकीत जाणार नाही."

पलीकडच्या खाटेवरचा गणपतराव खुदकन हसला आणि हसता हसता खोकू लागला. लहानू उठून उभा राहिला.

"मले काही नाही झालं, बाई. माझी थुंकी देलीच नाही मी. ते साफ निघाली असती अन् तुमी अशाच खोकत मेल्या असत्या. हा खोकला आमी ओळखत नाही काय?"

बाईंनी विचारले, "मग ती होती कोणाची?"

"गणपतरावची," लहानू छाती काढून म्हणाला. "पण ते ठरवाले लय भांडण झालं, बाई. हे सतराही जण हटून बसले होते, बाईच्या डबीत माझीच टाका म्हणून."