कूलरचं रेझिन

जाम गावच्या जंगलू मिस्त्रीच्या फायबरच्या कूलरपुढे उन्हाळासुद्धा गोधडी मागायचा. गुडघे गेलेल्या बायकोला गिरडची टेकडी वरून दाखवायची म्हणून त्यानं घरीच विमान मांडलं. थर्माकोलचा पंख तासायचा, त्यावर काचेचं कापड अंथरून रोलरनं विमानाचं खास, वाळून टणक होणारं रेझिन चढवायचं. एक पंख झाला. दुसऱ्याला विमानाचं रेझिन पुरेना. "कूलर तुटत नाई, मंग पंखाले काय होते?" म्हणत त्यानं कूलरचंच ओतलं. रोलरखाली कापड खचू लागलं. ते रेझिन थर्माकोल खात होतं. बत्तासा पाण्यात जावा तसा पंख विरत होता. या वयात आता नवा तासून होणार नव्हता. "झाला का जी, का देवानंच उचलल्यावर उडू?" अंगणातल्या खाटेवरून बायकोनं विचारलं. "होऊन राह्यला," तो म्हणाला आणि रोलर फिरवत राहिला. भर मे महिन्यात तिनं कानाला मफलर बांधला. वर थंडी असते म्हणे.