सहावी खेप

दोराला लटकून काचा पुसायच्या पाचव्या खेपेनंतर दाजी एकोणिसाव्या मजल्यावरच्या गच्चीत परत आले, तेव्हा त्यांच्या बोटांना पाण्याच्या बाटलीचं झाकणही फिरवता येईना. मेहुण्याने काही न बोलता ते उघडून दिलं. मेहुण्याच्या म्हाताऱ्या आईने कोणाकडे राहायचं, यावरून दोघांत तीन दिवस अबोला होता. कामापुरते चार शब्द तेवढे चालू होते.

बाहेरच्या काचांची एकच पट्टी पुसायची राहिली होती. दाजींनी बादली कमरेला लटकवली, दोर अडकवला आणि कठड्यावर बसून एक पाय बाहेर टाकला.

"दोर?" मेहुण्याने विचारलं.

"बघितला."

"कडी?"

"अरे, सकाळपासून पाच वेळा बघितलीस ना! डोकं नको खाऊस. उरकू दे एकदाचं."

मेहुण्याचीही कंबर मोडली होती. बसल्या जागेवरून हात हलवून 'जा' म्हणावं, असं त्यालाही वाटलं. तरी तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, वाकला आणि दाजींच्या कमरेच्या पट्ट्यावरून बोट फिरवू लागला. बोट मध्येच थांबलं.

दोर पोटावरच्या जाड कडीत नव्हताच. शेजारच्या, बादली अडकवायच्या पातळ फासात होता. आणि जास्तीचा, जीव सांभाळणारा दुसरा दोर गच्चीत तसाच पडला होता.

त्याने दाजींना काखेत धरून आत ओढलं. दोघंही खाली आपटले. साबणाचं पाणी अंगावर सांडलं.

"हे काय आहे? दाजी, हे काय आहे?"

दाजी त्या फासाकडे पाहत राहिले. "कडीतच लावला होता मी," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मला वाटलं, लावला."

"ताईला काय सांगितलं असतं मी?"

दाजींनी फासातला दोर सोडवून बाजूला ठेवला.

"ती पट्टी उद्या," मेहुणा म्हणाला.

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत."

लिफ्ट आली. दाजींनी पाय उचलला, दारापाशीच्या फटीतून खालचा अंधार दिसला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"जिन्याने जाऊ या?"

मेहुण्याने दोन्ही दोर खांद्यावर घेतले आणि तो एक पायरी पुढे उतरला. मागून दाजी दोन्ही हातांनी रेलिंग धरून निघाले. आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा.


"सावकाश," मेहुणा वळून म्हणाला. "मी आहे खाली."