दुसरं चॉकलेट

चॉकलेट दातांखाली फुटलं आणि आत काय भरलंय ते बाइंडरच्या आधी त्याच्या जिभेला कळलं. वर्षभर तिला कुणी विचारलं नव्हतं, पण बया ओळख विसरली नव्हती. तो पुस्तकं बांधायचा त्या छापखान्यात मशीनवाल्या मामांच्या निवृत्तीची भाषणं चालली होती आणि त्यांच्या जावयाने परदेशातून पाठवलेला चॉकलेटांचा डबा हातोहात फिरत होता. बाइंडरने ते चॉकलेट कसंबसं गिळलं. डबा फिरून पुन्हा त्याच्यासमोर आला. त्याने दुसरं उचललं.

आणि हे नेमकं आजच व्हायचं होतं. दारू सोडल्याला त्याला आज वर्ष होत होतं. दारू सोडलेल्यांचा त्यांचा गट संध्याकाळी सहाला शाळेच्या एका वर्गात जमायचा. वर्ष पुरं झालं की तिथे घरच्या माणसाच्या हातून पितळी बिल्ला मिळायचा. आणि मध्येच घसरलात, तर उभं राहून सांगायचं आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचं, असा रिवाज होता. आज बिल्ला बायको देणार होती. पाच महिन्यांपूर्वी ती माहेराहून परत आली होती खरी, पण तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच पलंगाखाली होती.

आता चॉकलेट म्हणजे दारू की खाऊ? चालता चालता बाइंडर स्वतःशीच वाद घालत होता आणि दोन्ही बाजूंनी हरत होता. अर्धा तास आधीच तो शाळेत पोचला.

गटातल्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या नर्स, बाक सरळ करत होत्या. त्यांना दारू सोडून चार वर्षं झाली होती. त्याने विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. "अहो, चॉकलेट ते! चुकून खाल्लंत ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. एका चॉकलेटपुरती ती मान खरी होती.

गटातले घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. "थेंब तो थेंब. पहिल्यापासून मोजा."

"चुकून असला तरी?"

"चुकून बंद पडलेलं घड्याळही बंदच असतं."

विचारलं दोघांना आणि उत्तरं मिळाली दोन. बाइंडरचं तळ्यात-मळ्यात काही संपेना. आता उरले आप्पा.

आप्पा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. सतरा वर्षं कोरडे. गटातला नवा माणूस त्यांच्याकडे बघूनच धीर धरायचा. बाइंडर दवाखान्यात हातपाय झाडत पडला होता तेव्हा तीन दिवस ते उशाशी बसून होते, आणि नंतर रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. त्यांचं सांगणं एकच: "प्यायलास तर ये आणि सांग. लपवलेली दारू दुसरीला हाक मारते." तेव्हा आप्पा काय म्हणणार हे त्याला ठाऊकच होतं. त्यांनी ते फक्त एकदा मोठ्याने म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आप्पा खिडकीशी उभे राहून रुमालाने बिल्ला पुसत होते. बाइंडरने त्यांना दोन्ही चॉकलेटांचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"दुसरं खाताना आपल्यातल्या कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

बाइंडरला वाटलं, आप्पा परीक्षा बघतायत. "आप्पा, तुम्हीच तर सांगता—"

"सांगतो रे. आता हेही सांगतो. पहिले आठ दिवस जड जातात, मग अंगवळणी पडतं." आणि ते पुन्हा बिल्ला पुसायला लागले. बिल्ला तर केव्हाच लखलखीत झाला होता.

बाइंडरचं डोकं पार चक्रावलं. ज्याच्या बोटाला धरून वर्षभर चाललो, तोच आज गप्प राहा म्हणतोय. त्याला आप्पांचा राग आला, आणि मनातल्या मनात सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेचीच त्याला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात बायको आली. तिने ठेवणीतले कपडे घातले होते. पोरांच्या बाकावर अंग चोरून बसली आणि त्याच्याकडे बघून हसली. असं ती किती वर्षांनी हसली होती, ते त्याला आठवेना.

बैठक सुरू झाली. बिल्ला तिच्या हातात आला. ती उभी राहिली, चार शब्द बोलायला तिने तोंड उघडलं.

"थांब," बाइंडर म्हणाला. तो उठून उभा राहिला. "आज दुपारी मी एक चॉकलेट खाल्लं. आत दारू होती. ते चुकून."

"झालं ते झालं," सिस्टर म्हणाल्या.

"मग मी दुसरं खाल्लं. ते चुकून नाही." त्याला बायकोकडे बघवेना. "आज माझा पहिला दिवस आहे."

तो खाली बसला. बायकोने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग तिने तो मुठीत घट्ट धरला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. ती रागावलीये की काय, त्याला काहीच कळेना. ती म्हणाली, "हा माझ्याकडे राहील. पुढच्या वर्षी देईन."

सगळ्यांच्या माना आता आप्पांकडे वळल्या. अशा वेळी समजुतीचं काहीतरी तेच बोलायचे.

आप्पा बाकाला धरून उठले. नजर बाइंडरवरच होती, आणि पहिल्यांदा बैठकीला आलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज झाला होता.

"दोन वर्षं लपवतोय," ते म्हणाले. "माझाही आज पहिलाच दिवस."